छातीतलं पाणी आणि सोनोग्राफी : तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

छातीत पाणी होणं या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यातले काही इथे घेतोय. बरेचसे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात, पाणी काढायच्या आधी सोनोग्राफी कशाला, ती कुठे करायची आणि कोणी करायची. म्हणून आज तेच जरा सविस्तर. कोणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : बाबा ५८ वर्षांचे. तीन आठवडे संध्याकाळी ताप येतोय, उजव्या कुशीत दुखतं आणि आता जिना चढताना धाप लागते. एक्स-रेमधे फुफ्फुसात पाणी झालंय असं सांगितलं. आता डॉक्टर छातीची सोनोग्राफी करा म्हणतात. सोनोग्राफी पोटाची करतात ना? एक्स-रेत दिसलंच आहे तर परत खर्च कशाला? – एक वाचक, जळगाव

ताई, आधी हे पाणी असतं कुठे ते सांगतो. फुफ्फुसाच्या आत नाही, बाहेर. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं, या दोघांच्या मधे धडधाकट माणसात पण थोडं पाणी असतंच, दोन्ही बाजूंचं मिळून साधारण १० ते २० मिली, श्वास घेताना घर्षण होऊ नये म्हणून. टीबी, न्यूमोनिया, हार्ट फेल, लिव्हर किंवा किडनीचा आजार, कॅन्सर, कारण काही का असेना, ते वाढलं की फुफ्फुस दाबलं जातं आणि माणसाला धाप लागते.

आता एक्स-रेचं. उभं राहून समोरून काढलेल्या एक्स-रेत साधारण २०० मिली पाणी जमल्यावर खालचा कोपरा भरलेला दिसतो. पेशंट उभाच राहू शकत नसला आणि झोपवून एक्स-रे काढला तर पाणी पाठीकडे पसरतं आणि ती बाजू नुसती धुरकट दिसते, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय एक्स-रेत पांढरं दिसलं म्हणजे पाणीच असं नाही, न्यूमोनियाने घट्ट झालेलं फुफ्फुस पांढरंच दिसतं, मिटलेलं फुफ्फुस पण पांढरं, जाड झालेलं आवरण पण पांढरं, आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, वर सरकलं असलं तरी तसंच काहीसं दिसतं. अशा पांढऱ्यात सुई टाकायची तर आत नक्की पाणी आहे हे आधी कळायला नको का? सोनोग्राफीत २० मिलीच्या आसपासचं पाणी पण सापडतं आणि पाणी आणि घट्ट फुफ्फुस यातला फरक तिथल्या तिथे कळतो.

पोटाचीच सोनोग्राफी असते हा समज डॉक्टरांमधे पण होता. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत म्हणून छातीवर प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवून उपयोग नाही असं धरून चालायचे. खरं तर छातीतलं पाणी या लहरींनी शोधता येतं हे अमेरिकेत जॉयनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मधेच दाखवलं होतं, पुढे फ्रान्समधे डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी आयसीयूतल्या पेशंटच्या फुफ्फुसांवर वर्षानुवर्षं काम केलं, तेव्हा कुठे हे रोजच्या वापरात आलं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो म्हणजे बाबांना भीती वाटणार नाही. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवतात, समोरच्या टेबलावर उशी, तिच्यावर हात टेकायचे. पाठीवर गार जेल लागतं आणि दोन बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात. उजव्या बाजूला स्क्रीनवर आधी राखाडी लिव्हर दिसतं, त्याच्यावर एक पांढरी वळलेली रेघ, ते श्वासपटल, श्वास घेतला की ती रेघ खाली जाते, सोडला की वर येते. पाणी नसलं तर श्वास घेताना फुफ्फुसातली हवा खाली येऊन लिव्हर झाकून टाकते. पाणी असलं की त्या पांढऱ्या रेघेच्या वर काळा भाग दिसतो आणि त्या काळ्या भागात दाबल्या गेलेल्या फुफ्फुसाचं टोक श्वासाबरोबर हलत असतं. सांगणारा डॉक्टर शेजारी असला तर घरच्यांना पण कळतं, इतकं स्पष्ट असतं.

पाणी किती आहे याचा अंदाज पण येतो. डोकं थोडं वर करून झोपलेल्या पेशंटमधे फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यातलं अंतर मिलिमीटरमधे मोजायचं आणि २० ने गुणायचं, म्हणजे ४० मिमी असेल तर साधारण ८०० मिली. हे सूत्र २००६ मधलं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवरून काढलेलं, त्यामुळे तो अंदाजच धरायचा. पण थोडं आहे का खूप आहे हे ठरवायला पुरतं. तेव्हा ताई, खर्च वाया जात नाहीये, करून घ्या, आणि कुठे करायची यासाठी खालचं अहिल्यानगरच्या वाचकाचं उत्तर जरूर वाचा.

प्रश्न : माझ्या भावाला न्यूमोनियानंतर पाणी झालं. रिपोर्टमधे मॉडरेट इफ्युजन विथ मल्टिपल सेप्टेशन्स असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले नळी टाकू, दुसरे म्हणाले ऑपरेशन लागेल. सीटी स्कॅनमधे हे सेप्टेशन काही लिहिलेलं नाही, मग खरं काय? – एक वाचक, इचलकरंजी

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. आतले पडदे सीटीपेक्षा सोनोग्राफीत जास्त चांगले दिसतात, महागडी तपासणी म्हणजे प्रत्येक बाबतीत वरचढ असं नसतं. सेप्टेशन म्हणजे पाण्यात तयार झालेले बारीक पडदे, स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात आणि श्वासाबरोबर हलतात. पाण्यातल्या फायब्रिनमुळे, म्हणजे रक्त गोठताना जाळं करणाऱ्या प्रोटीनमुळे, ते होतात, आणि मग एका मोठ्या पिशवीचे बरेच छोटे कप्पे होतात, त्यामुळे एका ठिकाणी नळी टाकली तरी सगळं पाणी निघत नाही.

सोनोग्राफीत पाण्याचं रूप ढोबळ मानाने चार प्रकारचं दिसतं. एकदम काळं, काळ्यात तरंगणारे बारीक कण, पडदे, आणि सगळं एकसारखं राखाडी, म्हणजे पू किंवा रक्त असण्याची शक्यता. पडदे किंवा राखाडी असलं तर ते पाणी सूज किंवा इन्फेक्शनचं असतं असं जवळपास नक्की धरता येतं. उलटं मात्र खरं नाही बरं का, एकदम काळं दिसणारं पाणी टीबीचं असू शकतं, कॅन्सरचं पण असू शकतं, ते तपासल्याशिवाय कळत नाही. पाणी सूज किंवा इन्फेक्शनसारख्या कारणाचं आहे का नुसतं झिरपलेलं हे ठरवायला पाण्यातलं आणि रक्तातलं प्रोटीन आणि एलडीएच हे एन्झाइम यांचं प्रमाण बघतात, रिचर्ड लाइट यांनी १९७२ मधे दिलेले निकष आजही तेच आहेत. म्हणून पाणी काढलं त्याच दिवशी रक्त पण द्यावं लागतं, ते राहिलं तर तुलना कशाशी करणार.

तुमच्या भावाचं. न्यूमोनियानंतरचं पाणी, त्यात पू असेल किंवा पाण्याचा पीएच ७.२ च्या खाली असेल तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबायचं नाही, नळी लागते. पडदे असतील तर नळीतून पडदे विरघळवणारी औषधं देता येतात. २०११ मधे इंग्लंडमधे टीपीए आणि डीएनेज या दोन औषधांची जोडी वापरून मोठा अभ्यास झाला, त्यात पाणी जास्त उतरलं आणि ऑपरेशनची गरज कमी पडली. आपल्याकडे खर्चामुळे बरेचदा युरोकायनेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज वापरतात. तरी उतार नाही पडला, ताप हटत नाही, तर मग दुर्बिणीतून साफ करायचं ऑपरेशन. माझं मत विचाराल तर पडदे दिसले म्हणून लगेच ऑपरेशन असंही नको आणि महिनाभर नळी लावून बघत बसू असंही नको, कारण उशीर झाला की फुफ्फुसावर जाड साल धरते आणि मग ती सोलून काढायचं ऑपरेशन मोठं होतं. नळी टाकल्यावर दोन-तीन दिवसांत परत सोनोग्राफी करून किती राहिलंय ते बघा आणि छातीच्या सर्जनला आत्ताच दाखवून ठेवा, गरज पडल्यावर धावपळ नको.

प्रश्न : आईची सोनोग्राफी एका सेंटरवर झाली, तिला झोपवून केली आणि पाठीवर पेनाने फुली मारून दिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलमधे बसवून त्या फुलीवर सुई टाकली. दोनदा टोचलं, पाणी आलं नाही, उलट हवा झाली आणि नळी टाकावी लागली, आठ दिवस राहिलो. आमचं काय चुकलं? – एक वाचक, अहिल्यानगर

तुमचं काही चुकलं नाही. आईंना जो त्रास झाला त्याचं वाईट वाटतं, आणि हा प्रश्न तुम्ही पाठवलात हे फार बरं झालं कारण आजच्या अंकात मला सगळ्यात जास्त हेच लिहायचं होतं.

पाणी स्थिर नसतं. झोपवलं की पाठीकडे पसरतं, बसवलं की खाली उतरतं, त्याच्याबरोबर फुफ्फुस, श्वासपटल, लिव्हर, प्लीहा सगळंच सरकतं. पाठीची कातडी पण सरकते, हात वर-पुढे घेतला की फुली एका बरगडीवरून दुसरीकडे जाते. म्हणजे काल झोपवून मारलेली फुली आज बसवल्यावर कशावर असेल ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून फुली मारून पेशंटला दुसरीकडे पाठवायची पद्धत बंद व्हायला हवी असं मी अगदी ठामपणे म्हणतो. सोनोग्राफी आणि सुई एकाच खोलीत, पेशंट त्याच अवस्थेत बसलेला असताना, आणि शक्यतो एकाच माणसाने.

ब्रिटनमधे २००८ मधे तिथल्या पेशंट सेफ्टी संस्थेने जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात छातीत नळी टाकताना झालेले १२ मृत्यू आणि १५ गंभीर इजा नोंदवल्या आणि सगळ्या हॉस्पिटलना इशारा दिला. २०१० च्या ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या गाइडलाइनमधे पाण्यासाठी सुई किंवा नळी टाकताना सोनोग्राफी हवीच असा जोर दिला गेला. त्याच वर्षी ६,६०५ वेळा पाणी काढल्याच्या नोंदी एकत्र करून बघितल्या तर साधारण शंभरात सहा जणांना हवा होते असं दिसलं, आणि सोनोग्राफी वापरली तिथे हे प्रमाण बरंच कमी होतं. हवा होणं म्हणजे सुई फुफ्फुसाला लागून तिथून हवा गळते आणि फुफ्फुस मिटतं, आईंना तेच झालं.

प्रोब हातात असलेला डॉक्टर सुई टाकायच्या आधी काय काय बघतो तेही माहीत असू द्या. पाण्याची जाडी किती, निदान १० मिमी तरी हवी, आणि पूर्ण श्वासभर तेवढी राहते का ते बघायचं, कारण खोल श्वासात फुफ्फुस मधे येतं. खाली लिव्हर किंवा प्लीहा किती जवळ आहे. सुई किती आत गेल्यावर पाणी लागेल, कारण स्थूल माणसात नुसती चरबीच तीन-चार सेंटिमीटर असते. मग जागा, सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घ्यायची, कारण रक्तवाहिनी आणि नस प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लपलेली असते. मणक्याच्या अगदी जवळ जायचं नाही, तिथे ती रक्तवाहिनी दोन बरगड्यांच्या मधे उघडी पडलेली असते आणि म्हाताऱ्या माणसांत तर वाकडीतिकडी चालते. कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावला तर ती दिसते सुद्धा. आणि सुई काढल्यावर परत एकदा प्रोब ठेवून फुफ्फुस छातीच्या भिंतीला लागून सरकताना दिसतंय का बघायचं, सरकत असेल तर निदान त्या जागी हवा नाही. हे सगळं फुलीतून कसं कळणार हो? सेंटरच्या रिपोर्टमधे पाणी किती एवढं कळतं, सुईची वाट कळत नाही.

पुढच्या वेळी, येऊ नये, पण आलीच वेळ तर एवढंच विचारा, "डॉक्टर, टोचताना सोनोग्राफी मशीन शेजारी असेल ना?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. नाही म्हणाले आणि पेशंटची तब्येत थांबण्यासारखी असेल तर जिथे मशीन आहे तिथे जा. श्वास अगदीच कोंडलेला असेल तर तो निर्णय मात्र समोरच्या डॉक्टरवर सोडावा लागतो.

प्रश्न : सासूबाईंना हार्टचा त्रास आहे, पायावर सूज असते. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना पाणी आलं. डॉक्टर काढत नाहीत, फक्त गोळ्या वाढवल्या. सगळे नातेवाईक म्हणतात पाणी काढून टाका. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

डॉक्टरांचं ऐका. हार्ट फेलमधलं दोन्हीकडचं पाणी हे लघवी होण्याच्या गोळ्यांनी उतरतं, काढलं तरी हार्ट तसंच असेपर्यंत परत भरणार. ताप असेल, एकाच बाजूला पाणी असेल, छातीत टोचून दुखत असेल किंवा गोळ्या देऊनही उतरत नसेल तर मग काढून तपासायचं. लिव्हर सिऱ्होसिसचं पाणी असेल तर बहुतेक वेळा उजव्या बाजूला होतं आणि तिथे तर नळी टाकून ठेवणं टाळतात, प्रोटीन आणि क्षार वाहून जातात आणि पेशंट खालावतो. सासूबाईंचं रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, मीठ कमी करा. पाणी उतरतंय का हे बघायला सोनोग्राफी परत परत केली तरी चालते, एक्स-रेसारखं रेडिएशन नाही.

प्रश्न : काकांचं दीड लिटर पाणी काढलं आणि ते खोकायला लागले म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. अजून लिटरभर आत आहे म्हणे. एकदाच टोचलंय तर सगळं का नाही काढलं? – एक वाचक, सोलापूर

बरोबर थांबवलं. बरेच दिवस दबलेलं फुफ्फुस एकदम फुगलं तर त्याच्यातच पाणी भरून श्वास आणखी कोंडू शकतो, क्वचित होतं पण झालं तर अवघड असतं, म्हणून एका वेळी साधारण १ ते दीड लिटरवर थांबायचा रिवाज आहे. खोकला येणं, छाती आवळल्यासारखी वाटणं ही थांबायची खूण. थोडा खोकला मात्र फुफ्फुस उघडतंय म्हणून पण येतो, घाबरू नका. राहिलेलं परत सोनोग्राफी करून दुसऱ्या दिवशी काढता येतं. कॅन्सरमुळे वारंवार भरत असेल तर दर वेळी टोचत बसण्यापेक्षा टाल्क घालून आवरणं चिकटवणं किंवा घरी घेऊन जाता येईल अशी बारीक नळी ठेवणं, हे दोन पर्याय आहेत. घरच्या नळीमुळे माणूस हॉस्पिटलबाहेर राहतो, शेवटच्या महिन्यांत त्याची किंमत खूप असते, जरूर विचारा.

प्रश्न : आजोबा अंथरुणाला खिळलेत, आम्ही राजापूरच्या पुढे आत राहतो. मोबाईलएवढी सोनोग्राफी मशीन निघालीत म्हणे, डॉक्टर घरी आणून बघू शकत नाहीत का? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

मशीन निघालीत, चांगली पण आहेत. पण आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी मशीनला गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागते, छाती बघायची असली तरी. २०१२ च्या नियमाप्रमाणे पोर्टेबल मशीन फक्त नोंदणी केलेल्या जागेत, तिथे ॲडमिट असलेल्या पेशंटसाठी, किंवा इतर सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येतं. डॉक्टरने बॅगेत टाकून घरी न्यायचं, हे चालत नाही.

कायदा का आला हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही, देशात असा पहिला कायदा १९८८ मधे आपल्याच राज्याने केला. मुली वाचायला हव्यात, त्यात तडजोड नको. तरी ८० वर्षांच्या आजोबांच्या पाठीवर प्रोब ठेवता यावा याची वाट सरकारने मुली सुरक्षित ठेवूनच काढावी असं मला मनापासून वाटतं, आतल्या गावांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. आणि हेही लक्षात घ्या की हॉस्पिटलच्या आत नोंदणी केलेलं मशीन वॉर्डातल्या पलंगापाशी न्यायला नियमाची आडकाठी नाही, तेव्हा पलंगापाशी सोनोग्राफी होत नाही याचं कारण दर वेळी कायदा नसतो. सध्या तरी आजोबांना १०८ ने उपजिल्हा रुग्णालयात न्या, आणि नेताना पाठीमागे उशा लावून बसतं ठेवा, आडवं झोपवलं की धाप वाढते.

प्रश्न : माझ्या पाण्यात एडीए ६८ आलं, पण टीबीचे जंतू सापडले नाहीत. तरी टीबीची औषधं चालू केली. दीड महिन्यात पाणी गेलं, वजन वाढलं. आता बंद करू का? – एक वाचक, नांदेड

नाही, अजिबात नाही, सहा महिने पूर्ण करा. आवरणाच्या टीबीत पाण्यात जंतू फार थोडे असतात म्हणून तपासणीत बरेचदा सापडत नाहीत. एडीए हे पाण्यात मोजायचं एक एन्झाइम, टीबीत ते वाढतं. आपल्या देशात एडीए ४० च्या वर, पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त आणि लक्षणं जुळणारी असतील तर टीबी धरून उपचार करतात. एडीए पू झाल्यावर आणि लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधे, पण वाढतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही, पण तुमचं पाणी औषधांनी गेलं हाच पुरावा भक्कम आहे. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नाव नोंदलंय ना ते बघा, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. काही जणांत औषध चालू असताना पाणी आधी थोडं वाढतं, ते औषध लागू पडत नाही म्हणून असतंच असं नाही, डॉक्टरांना दाखवा. शेवटी सोनोग्राफीत आवरण थोडं जाड दिसलं तर त्याला आजार समजू नका, तो वण आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांची तपासणी करून घ्या.

थोडक्यात विचारलेले

उपाशी यायचं का? नुसत्या सोनोग्राफीला नाही, पाणी काढताना पण बहुतेक वेळा हलकं खाऊन चालतं, उपाशी बसवलं की चक्कर येते.

दुखतं का? भूल देताना टोचतं तेवढंच, नंतर दाब जाणवतो. सुई आत असताना खोकला आला तर आधी हात वर करून सांगा.

गरोदरपणात चालते का? छातीची सोनोग्राफी चालते.

तपासायला किती पाणी लागतं? ५० मिली पुरतं. कॅन्सरची शंका असेल तर पहिल्या नमुन्यात पेशी सापडतीलच असं नाही, परत पाठवावं लागू शकतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत? आधीच सांगा, प्रिस्क्रिप्शन बरोबर न्या. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट टाकलेला असेल तर, किती दिवस आधी थांबवायच्या आणि थांबवायच्या का नाही हे हार्टचे डॉक्टर आणि पाणी काढणारे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं.